चातुर्मासात उभी राहणारी गाडी

आषाढ लागला की तळेगाव दाभाडेच्या पश्चिमेकडील डोंगर दिवसदिवस ढगांआड राहतात. पुणे–लोणावळा लोहमार्गावर हे गाव जवळजवळ मध्यावर आहे. पुण्यात वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्यात तो चार हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. तळेगाव या दोहोंच्या मध्ये येते. सरी थांबल्या तरी येथील हवेतील ओल हटत नाही. म्हणूनच गृहिणी ज्येष्ठातच धान्याला ऊन दाखवून डबे घट्ट लावते आणि दुकानदार गोदामात पोत्यांखाली फळ्या घालतो. ठेवलेला माल आपोआप सुरक्षित राहत नाही, हे व्यापारी कुटुंबांना कुणी शिकवावे लागत नाही. तरीही घरातील अत्यंत महागड्या वस्तूंपैकी एक असलेली मोटार मात्र गॅरेजमध्ये लावून, तिच्यावर एक कव्हर ओढून, तशीच सोडून दिली जाते.

अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या थंड प्रदेशांत मोटार बंदिस्त ठेवण्याचा ऋतू हिवाळा असतो. रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ गाडीचा तळ गंजवते आणि गोठणारे पाणी इंजिनाला तडे घालू शकते, म्हणून तेथे शरद ऋतूतच गाडीची तयारी करण्याची पद्धत पडली आहे. मावळात पाणी गोठण्याचे भय नाही. आपल्याकडे गाडीची खरी परीक्षा पावसाळ्याचे चार महिने घेतात, आणि नेमक्या त्याच काळात आपल्या समाजातील अनेक गाड्या उभ्या असतात.

गाड्या का उभ्या राहतात

आषाढ शुक्ल चतुर्दशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत साधु-साध्वींचा विहार थांबतो. श्रावक-श्राविकाही या काळात यथाशक्ती प्रवासाची मर्यादा घेतात. कोणी दिग्व्रताची सीमा आखून घेतात, कोणी गाव न सोडण्याचा नियम करतात. प्रवचनाला स्थानकात किंवा मंदिरात पायी जाणे होते आणि गाडीची किल्ली खुंटीवरच राहते. याखेरीज इतर कारणेही आहेत. कोणाची मुले परदेशात असतात आणि आईवडील काही महिने त्यांच्याकडे जातात. कोणी मुंबईकर कुटुंब तळेगावच्या बंगल्यात गाडी ठेवून परतते. कोणा ज्येष्ठांना पावसात गाडी चालवणे नको वाटते आणि ते लोकलने पुण्याला जाणे पसंत करतात.

तळेगावचा मोटारींशी संबंध आणखी एका अर्थाने जवळचा आहे. जनरल मोटर्सचा येथील कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि शेवरले बीटसारख्या गाड्या येथे तयार झाल्या. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये येथील उत्पादनही थांबले, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. विक्री बंद झालेल्या अशा गाड्या आजही अनेक घरांत आहेत. या गाड्यांच्या बाबतीत मोडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा मोडू न देणे अधिक शहाणपणाचे ठरते. जुनी पण सुस्थितीतील गाडी टिकवणे हा काटकसरीचा मार्ग आहे आणि अपरिग्रहाशीही तो सुसंगत आहे.

बॅटरीचा हिशेब

उभ्या गाडीत सर्वांत आधी बॅटरी दगा देते. किल्ली काढून घेतली तरी गाडी पूर्ण बंद नसते. घड्याळ, चोरसूचक यंत्रणा, रिमोटची वाट पाहणारा कुलपाचा भाग आणि इंजिनाचा संगणक थोडी थोडी वीज घेतच राहतात. ही गळती ४० मिलीअँपिअर धरली, तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास वीज जाते. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे पाच आठवड्यांत खाते शून्यावर येते, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते. चातुर्मास तर सतरा आठवड्यांचा आहे.

शिसे-आम्ल बॅटरी रिकाम्या अवस्थेत राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर जमतात आणि मग ती पूर्वीसारखी भरत नाही. विश्रांतीत असलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.४ च्या खाली गेला की तिला भरण्याची गरज आहे असे समजावे. एवढे मोजणारा साधा मीटर विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतो.

उपाय दोन आहेत. पहिला, गाडी ठेवताना बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवणे. आधी ऋण टोक काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. उलट केल्यास धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागून ठिणगी उडू शकते. काही नव्या गाड्यांत बॅटरी काढल्यावर रेडिओ किंवा काचांची मांडणी पुन्हा करावी लागते, म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी पाहावी. दुसरा उपाय म्हणजे बॅटरी भरलेली राखणारा स्वयंचलित चार्जर. भरली की तो स्वतःच वीज कमी करतो. मात्र गॅरेजमध्ये ओल असल्याने त्याची जोडणी जमिनीपासून उंच आणि कोरड्या जागी असावी.

पाच मिनिटांच्या सवयीतील धोका

‘रोज सकाळी पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवतो’ असे अनेक घरांत अभिमानाने सांगितले जाते. या सवयीचा लाभ थोडा आणि हानी अधिक आहे. इंजिन सुरू होताना बॅटरीतून जेवढी वीज जाते, तेवढीही जागच्या जागी पाच मिनिटांत भरून येईलच असे नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि इंजिनच्या तेलात थंड होऊन साचते. गंजाचा आरंभ तेथूनच होतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ऑक्सिजन वाहणाऱ्या घटकाला तो घट्ट चिकटतो आणि माणसाला गुंगी येऊन काही कळण्याआधीच शुद्ध हरपते. पावसाचे शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून शटर अर्धे ओढून इंजिन चालू करणे जिवावर बेतू शकते. गॅरेजवर किंवा त्याला लागून झोपण्याची खोली असेल तर धोका घरातील सर्वांनाच असतो. म्हणून नियम एकच असावा: इंजिन सुरू करायचे असेल तर आधी शटर पूर्ण उघडावे आणि गाडी लगेच बाहेर आणावी.

गाडी पूर्ण बंद न ठेवता अधूनमधून चालवायची असेल, तर दोन आठवड्यांतून एकदा पाऊस थांबलेला पाहून वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर न्यावी. त्यामुळे तेल तापते, ब्रेक कोरडे होतात आणि टायरची बैठक बदलते. ज्यांचा प्रवासाचा नियम आहे त्यांच्यासाठी हे काम घरातील दुसरी व्यक्ती किंवा विश्वासू चालक करू शकतो. तेही शक्य नसेल तर गाडी नीट तयार करून पूर्ण बंद ठेवणे उत्तम. अर्धवट मार्ग मात्र टाळावा.

ठेवण्यापूर्वीची तयारी

प्रथम गाडी धुवावी, तळाकडील चिखलही काढावा. धुतल्यावर लगेच गॅरेजमध्ये न लावता थोडी चालवून आणावी, म्हणजे ब्रेकमध्ये अडकलेले पाणी सुकते. समोरच्या काचेखालच्या खाचेत आंब्याची किंवा गुलमोहोराची पाने साचलेली असतात. ती काढावीत. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती बुजली की दारे आतून कुजतात.

इंजिनचे तेल बदलण्याची वेळ जवळ आली असेल तर ते गाडी ठेवण्यापूर्वीच बदलावे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते आणि चार महिने ते इंजिनाच्या भागांना लागून राहते.

इंधनाचा प्रश्न अलीकडे बदलला आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत उसापासून बनणारे हे इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळे साचू शकतात. टाकी भरलेली ठेवली तर आत दमट हवेला जागा कमी राहते, म्हणून पाव टाकीवर गाडी ठेवू नये. डिझेल गाडीच्या फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढून टाकावे. सीएनजी गाडीच्या सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा. विद्युत मोटारीची मोठी बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण निम्म्यावर ठेवावी आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मधून मधून पाहावी.

टायर एकाच जागी दबून राहिले की त्यांना चपटी बैठक पडते. हवा नेहमीपेक्षा थोडी वाढवावी, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आतच. शक्य असल्यास दर पंधरवड्याला गाडी हातभर पुढे-मागे सरकवावी. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत.

कव्हर सुती किंवा हवा खेळू देणारे असावे. प्लास्टिकचे जाड कव्हर आतली ओल आतच कोंडते. ओल्या गाडीवर कोणतेच कव्हर घालू नये. वातानुकूलन शेवटचे वापरताना मुक्काम येण्यापूर्वी काही मिनिटे थंडावा बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतला ओला भाग सुकतो. गाडीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि चटया काढून घरात नेऊन ठेवाव्यात.

जीवदया आणि गॅरेज

व्यापाऱ्याच्या गाडीला धान्याचा वास असतो. डिकीत तांदळाचा, डाळीचा नाहीतर गुळाचा नमुना कधीतरी सांडलेला असतो. सीटच्या फटीत मुलांच्या खाकऱ्याचे तुकडे असतात. मावळ भातशेतीचा प्रदेश आहे. पावसाने बिळे भरली की उंदीर-घुशी कोरड्या जागेच्या शोधात निघतात. उभ्या गाडीचे बॉनेट ही त्यांच्यासाठी अंधारी, कोरडी, सुरक्षित जागा असते. ते एअर फिल्टरमध्ये घरटे करतात आणि वायरी कुरतडतात. त्या दुरुस्तीचे बिल अनेक हजारांत जाते.

अशा वेळी काही जण विषारी गोळ्या टाकतात. आपल्या घरांत तो मार्ग बंद आहे, आणि तो व्यवहाराच्या दृष्टीनेही वाईट आहे. विष खाल्लेला उंदीर गाडीच्या अशा सांध्यात जाऊन मरतो की तेथे हात पोहोचत नाही, आणि त्याला खाणारे मांजर किंवा घुबडही मरू शकते. डांबराच्या गोळ्या गाडीत ठेवल्यास त्यांची वाफ माणसांनाही बाधते.

अहिंसेचा मार्ग येथे प्रतिबंधाचा आहे. गाडीतील प्रत्येक कण झाडून काढावा आणि गॅरेजमध्ये धान्याची पोती, रद्दी, जुने कपडे ठेवू नयेत. शटरखालची फट रबराच्या पट्टीने व लोखंडी पट्टीने बंद करावी. हवा आत घेण्याच्या जागी बारीक पोलादी जाळी बसवून घ्यावी. गॅरेज पक्के बंद असेल तर बॉनेट थोडे उघडे ठेवावे, कारण उजेड आणि मोकळी हवा असली की घरटे करण्याचा मोह होत नाही. तरीही उंदीर आलाच तर पिंजरा लावावा, तो रोज पाहावा आणि प्राण्याला वस्तीपासून दूर सोडावे.

बुरशीचेही तसेच आहे. सीटवर फूग धरल्यावर ती औषधाने मारण्यापेक्षा ओल राहूच न देणे, म्हणजे जीवोत्पत्तीचे निमित्तच टाळणे, हे यतनेला अधिक धरून आहे. येथे धर्माचा नियम आणि मोटारीचा नियम एकच होतो.

कागदपत्रांची मुदत

गाडी उभी असली तरी कागदपत्रांची मुदत पुढे सरकतच असते. विम्याची मुदत श्रावणात संपली आणि आठवण कार्तिकात झाली, असे होऊ नये. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातील सवलत जाते. ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत साठलेली असू शकते. शिवाय मधल्या काळात झाड पडले किंवा पाणी भरले तर भरपाई नाही. वायुप्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची तारीखही त्याच वेळी पाहून ठेवावी.

तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी विशेष सावध असावे. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पहाटे पाणी शिरले, तेव्हा तेथील वाहने पाण्यात गेली. पाण्यात बुडालेली गाडी किल्ली फिरवून सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे इंजिनाचे दांडे वाकतात. साध्या विम्यात अशी हानी बहुधा धरली जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. अशी गाडी ओढूनच दुरुस्तीला न्यावी.

पुन्हा बाहेर काढताना

खरी घाई कार्तिकात होते. चातुर्मास संपतो, मुलांना सुट्टी असते, तीर्थयात्रेचा बेत ठरलेला असतो, आणि चार महिने उभी असलेली गाडी एका सकाळी थेट द्रुतगती मार्गावर येते. कमी हवेचे टायर वेगात फार तापतात आणि जुने रबर ते सहन करू शकत नाही. कुटुंबातील पाच-सहा जण त्याच टायरवर बसलेले असतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर आधी गाडी बाहेर काढावी.

प्रथम पडिलेहण करावे. हा शब्द साधूंच्या उपकरणांसाठी असला तरी त्याची दृष्टी येथेही उपयोगी आहे. बॉनेट उघडून एअर फिल्टर, चाकांच्या कमानी आणि तळ उजेडात पाहावा. पावसाळ्यात साप, बेडूक, पाली गॅरेजच्या आसऱ्याला येतात. कुंभारीण नळ्यांच्या तोंडाशी मातीचे घर करते. मांजरीची पिले इंजिनाजवळ झोपलेली असतात. म्हणून हात घालण्यापूर्वी विजेरीने पाहावे आणि किल्ली फिरवण्यापूर्वी बॉनेटवर थापटावे.

मग गाडीखाली तेलाचा डाग आहे का, तेल, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि ब्रेकचे तेल पुरेसे आहे का, हे पाहावे. टायरची हवा मूळ प्रमाणावर आणावी, स्टेपनीचीही. टायरच्या बाजूवरील चार अंकांत त्याचे वय लिहिलेले असते. ‘२३१८’ असेल तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. त्यावर बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही उरलेली असो, टायर बदलावा. वायपरचे रबर कडक झालेले असते, तेही पाहावे. पहिल्या दिवशी गावातच मंद गतीने फिरून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहावेत. डिस्कवरचा वरवरचा गंज थोड्या घर्षणाने जातो. मात्र खरखर राहिली, गाडी एका बाजूला ओढली किंवा पॅडल खोल गेले तर कारागिराला दाखवल्यावाचून पुढे जाऊ नये.

गाडी ठेवताना केलेले प्रत्येक काम एका कागदावर लिहून तो कागद स्टेअरिंगला बांधावा: बॅटरीचे टोक काढले आहे, हँडब्रेक ओढलेला नाही, चाकांना ठोकळे आहेत, टायरमध्ये हवा जास्त आहे, सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद आहे, हवेच्या मार्गावर जाळी आहे. ठेवणारी व्यक्ती आणि कार्तिकात किल्ली हातात घेणारी व्यक्ती एकच असेल असे नाही. खाली तारीख घालावी, विम्याची मुदत लिहावी, आणि किल्लीबरोबर त्याची एक प्रत घरात ठेवावी.